तळ्यात मासे आहेत, पण मोठे का नाहीत?

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं तळ्यांची आहेत. समुद्राकाठच्या जिल्ह्यांतून गोड्या पाण्याविषयी इतकी विचारणा होईल असं मला वाटलं नव्हतं, म्हणून पत्रं वाचताना फार बरं वाटलं. मी सत्तावीस वर्षं मत्स्यबीज केंद्रावर काम केलं. पण तळं मला त्याच्या कितीतरी आधी कळलं, वडिलांच्या मागून गरवायला (गळाने मासे पकडायला) जाऊन. ते म्हणायचे, "तळ्यात मासो नाय असा होवचा नाय, तो खय रवता ता बघूक व्हया." नोकरीत जे शिकले ते याच वाक्यावर बसवत गेले. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण बाकीच्या पत्रांतले निम्मे प्रश्न त्यातच सुटतात.

*ताई, नमस्कार. आमच्या गावात देवळाच्या मागे जुनं तळं आहे, साधारण चार एकरांचं. खालच्या वायंगणी शेतीला त्याचं पाणी जातं. माझ्या लहानपणी त्यात दोन-अडीच किलोचे रोहू, कटला मिळायचे. आता गळाला लागतो तो पंजाएवढा चिलापी (तिलापिया). ग्रामपंचायत यंदा पंचवीस हजार मत्स्यबीज सोडायचं म्हणते आहे. आमच्याकडे न्याहारी-निवासाला पर्यटक येतात, त्यांना गळाने मासे पकडू द्यावेत असं मनात आहे. तळ्यात मासे किती आहेत ते कळेल का? आणि सोडायचे तर काय सोडावेत?*
*— कुडाळ तालुक्यातून एक वाचक*

तुमचं पत्र आल्यावर फेब्रुवारीत मी तुमच्याकडे येऊन गेले, तेव्हा हे उत्तर बघून आल्यानंतरचं आहे. सकाळी साडेसहाला आपण बांधावर होतो. पहिलं काम मी केलं ते दोरीला बांधलेली पांढरी ताटली पाण्यात सोडण्याचं, आणि तुम्ही विचारलंत, हे कशाला? ताटली दिसेनाशी होते ती खोली मोजायची असते. माशांना भरपूर खाणं असलेल्या तळ्यात ती हात-दीड हातावर हिरवट पाण्यात नाहीशी होते. तुमच्या तळ्यात ती पावणेदोन मीटरपर्यंत दिसत राहिली. पाणी इतकं नितळ म्हणजे त्यात सूक्ष्म वनस्पती आणि सूक्ष्म जीव कमी, आणि माशांचं मूळ अन्न तेच. यात तुमचा काही दोष नाही. आपली जमीन जांभ्याची, आम्लधर्मी, पाण्यात चुन्याचा अंश थोडा. त्यात पावसाळ्याचे तीन महिने सांडवा वाहतो आणि जे काही पोषक साठलेलं असतं ते खाली ओढ्यात जातं. कोकणातलं तळं दिसायला देखणं असतं, पण पोटाला गरीब असतं. आधी हे मान्य करायला हवं, कारण पंचवीस हजारांचा आकडा इथेच अडखळतो.

मग दोन गळ टाकून आपण तीन तास बसलो. एकेचाळीस मासे मिळाले. चौतीस चिलापी, सगळे नऊ ते बारा सेंटिमीटरचे. चार शेंगट्या, दोन लहान मरळी, आणि एक मृगळ. म्हणजे तळं रिकामं नाही, भरलेलं आहे, पण ज्याने भरायला नको त्याने. तुम्हाला आठवत असेल, एका चिलापीने हातात घेताच तोंडातून पिवळसर अंडी टाकली, आणि तुमची मुलगी ओरडली. ती मादी जेमतेम दहा सेंटिमीटरची होती. चिलापीची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे शत्रूच्या तोंडी फार थोडी जातात. उबदार पाण्यात दीड-दोन महिन्यांनी ती पुन्हा विते. गर्दी झाली, अन्न कमी पडलं की हा मासा वाढणं थांबवतो, पण विणं थांबवत नाही. १९५२ साली हा आफ्रिकेतला मासा आपल्या देशात आणला तेव्हा स्वस्त अन्न मिळेल असा हेतू होता. आज गावोगावच्या तळ्यांत पंजाएवढ्या म्हाताऱ्या माशांची गर्दी आहे ती त्यातूनच झाली. तुम्ही ज्यांना पिल्लं समजता त्यातली बरीचशी पूर्ण वाढलेली आहेत.

मनाला जास्त लागला तो मृगळ. अडतीस सेंटिमीटर लांब आणि वजन चारशे ग्रॅम. नीट पोसलेला असता तर साडेपाचशेच्या आसपास भरला असता. डोकं मोठं, पाठ बारीक, पोट आत गेलेलं. तळाशी बसून कुजकं-मुजकं खाणारा हा मासा, आणि त्याच्या ताटातलं चिलापी खाऊन टाकतात. मी त्याला ओल्या हाताने धरून परत सोडलं.

तुमच्या लहानपणचे रोहू-कटला गेले कुठे? ते संपले, इतकंच. रोहू, कटला आणि मृगळ हे मूळचे गंगेकडच्या मोठ्या नद्यांचे मासे. पावसाळी पुराचं वाहतं पाणी मिळाल्याशिवाय ते अंडी देत नाहीत, तळ्यात कितीही वर्षं राहिले तरी नाहीत. मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी माशांना पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन १० जुलै १९५७ रोजी बंदिस्त पाण्यात प्रजनन घडवून आणलं, तेव्हा या देशात तळ्यात मासे पाळण्याचं खरं दार उघडलं. आजही १० जुलै मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. मी त्याच पद्धतीने वर्षानुवर्षं काम केलं आहे. पावसाच्या रात्री मादीला इंजेक्शन द्यायचं, आणि पहाटे हापा (पाण्यात बांधलेली कापडी जाळी) उचलून बघायचा. भिजवलेल्या साबुदाण्यासारखी फुगलेली, पारदर्शक अंडी लाखांनी दिसली की झोप उडून जायची. म्हणून सांगते, कोणीतरी सोडलेले मासे तुम्ही लहानपणी खाल्लेत. पुढे सोडणं थांबलं किंवा चुकीचं सोडलं गेलं, म्हणून ते दिसत नाहीत.

आता चुकीचं म्हणजे काय ते सांगते. मत्स्यबीज हा शब्द फार मोघम आहे. मत्स्यजिरे म्हणजे नुकतंच पोहू लागलेलं, सात-आठ मिलिमीटरचं पिल्लू. त्यानंतर अर्धबोटुकली, आणि मग बोटुकली, म्हणजे बोटाएवढं पिल्लू. जिरे स्वस्त मिळतं, आकडा मोठा दिसतो, फोटोही चांगला येतो. पण तुमच्या तळ्यात पंचवीस हजार जिरे सोडणं म्हणजे चिलापी आणि शेंगट्यांना जेवण वाढणं. आठवड्यात त्यातलं काही उरणार नाही. मी ग्रामपंचायतीला सांगेन की त्याच पैशांत चार इंच, म्हणजे १०० मिलिमीटरची बोटुकली घ्या, आणि हेक्टरी हजाराच्या वर जाऊ नका. चार एकर म्हणजे १.६ हेक्टर, तेव्हा सोळाशे बोटुकली. दहातले चार कटला, तीन रोहू, तीन मृगळ. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, त्यामुळे तिघं एकमेकांच्या आड कमी येतात. पाणी गरीब आहे, म्हणून मासे थोडे ठेवायचे आणि वाढू द्यायचे. पाण्यात युरिया टाकून ते हिरवं करायचा सल्ला कोणी देईल, तो घेऊ नका. त्या तळ्याचं पाणी देवळात जातं आणि गुरंही पितात.

सोडायची वेळ महत्त्वाची. जुलैत सोडलेत तर सांडव्यावरून निम्मे खाली जातील. पावसाचा जोर ओसरून सांडव्याची धार बारीक झाली की मगच, म्हणजे ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरात. सांडव्यावर चिव्याच्या (बारीक बांबूच्या) कामट्यांची जाळी लावा, पण ती रोज कोणीतरी साफ करायची अट घालूनच. पालापाचोळा अडकून पाणी तुंबलं तर बांधालाच धोका. पिशव्या आणल्या की लगेच फोडायच्या नाहीत. पंधरा-वीस मिनिटं तशाच तळ्यात तरंगू द्या, आतलं-बाहेरचं पाणी सारखं होऊ द्या, मग तोंड सोडून मासे आपणहून बाहेर येऊ द्या. दुपारी सोडू नका.

त्याआधीचं काम मात्र आत्ताच सुरू करायचं आहे, आणि ते चिलापी काढण्याचं. इथे तुमचे पर्यटक आणि गावातली मुलं उपयोगी पडतील. आपल्याकडे गळाने मासे पकडणं म्हणजे वेळ घालवणं असं समजतात. तुमच्या तळ्यापुरता तो उपचार आहे. दर रविवारी मुलांनी बारीक गऱ्या घेऊन बसावं, चिलापी जितके मिळतील तितके घरी न्यावेत, एकही परत सोडू नये. लहान चिलापी मीठ-मसाला लावून कुरकुरीत तळला तर चांगला लागतो. याने चिलापी संपेल असं मी म्हणत नाही. तो एकदा आला की जात नाही. पण गर्दी कमी झाली की उरलेल्यांची आणि मृगळाची अंगं भरतात, हे मी दोन तळ्यांवर डोळ्यांनी पाहिलं आहे.

"किती मासे आहेत" याचं उत्तर तळं उपसल्याशिवायही मिळतं. डेन्मार्कच्या पेटरसन नावाच्या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माशांवर खूण करून त्यांचा अभ्यास केला, त्यातून आलेली ही रीत. समजा बोटुकली सोडून वर्ष झालं. सांडवा कोरडा असताना, जानेवारीत, पाग (फेकायचं जाळं) टाकून साठ रोहू पकडले. प्रत्येकाच्या पोटाखालच्या परांपैकी एका पराचं टोक कात्रीने किंचित कापायचं (ते पुन्हा वाढतं) आणि सोडून द्यायचं. दहा-बारा दिवस थांबायचं, म्हणजे खुणेचे मासे बाकीच्यांत मिसळतील. मग पुन्हा पकडायचे. आता ऐंशी रोहू मिळाले आणि त्यात बारा खुणेचे निघाले, तर साठ गुणिले ऐंशी भागिले बारा, म्हणजे तळ्यात सुमारे चारशे रोहू आहेत. खुणेचे बाराऐवजी चोवीस निघाले तर दोनशेच. सातवी-आठवीच्या मुलांना हे गणित येतं. शाळेला बरोबर घ्या. मधल्या दिवसांत मासे सोडायचे नाहीत, पकडायचे नाहीत आणि पाणी वाहून जाता कामा नये, इतकं पाळलं की पुरे.

आणि एक वही ठेवा. मी वहीवर फार जोर देते, कारण कोकणातल्या तळ्यांचं सगळं ज्ञान "आमच्या लहानपणी" या दोन शब्दांत अडकलेलं आहे. तारीख, किती गळ, किती तास, कोणते मासे किती, आणि प्रत्येकाची लांबी. आपण दोन गळांवर तीन तासांत एकेचाळीस मासे पकडले, म्हणजे गळामागे तासाला जवळजवळ सात. पुढच्या फेब्रुवारीत हा आकडा चारवर आला, पण माशाची लांबी दहावरून पंधरावर गेली, तर तळं सुधारतं आहे असं समजा.

पर्यटकांना पहिल्या वर्षी मोठ्या माशाचं आमिष दाखवू नका. त्यांना खरं सांगा की इथे लहान मासे मिळतील, आणि सकाळचं तळं बघायला मिळेल. माझा अनुभव असा की शहरातून आलेल्या मुलाला पहिला मासा केवढा होता याने काही फरक पडत नाही. तळ्यातल्या माशांचा हक्क कोणाकडे आहे, ग्रामपंचायतीकडे की ठेका घेतलेल्या संस्थेकडे, हे आधी विचारून लेखी घ्या. यावरून चांगली चाललेली गोष्ट मोडलेली मी पाहिली आहे.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. आपली जुनी तळी माशांसाठी बांधलेली नाहीत, शेतीसाठी बांधलेली आहेत. धामापूरचा तलाव १५३० साली बांधला तोही पाण्यासाठीच. जवळजवळ पाचशे वर्षांनी, २०२० मध्ये, त्याला जागतिक सिंचन वारसा म्हणून मान मिळाला. अशा तळ्याचं पाणी मार्चनंतर शेतीला जातं, आणि मे महिन्यात सगळे मासे उरलेल्या डबक्यात गोळा होतात. नेमकं तेव्हा गाव जाळं घेऊन उतरतं. तुमच्या तळ्याला देवळाच्या बाजूला खोल कोपरा आहे, वडाच्या मुळ्या पाण्यात उतरल्या आहेत तो. तेवढा कोपरा बारमाही सोडून द्या. महाडजवळ नदीत वाळणकोंड नावाचा डोह आहे. तिथले मासे देवीचे म्हणून कोणी मारत नाही, आणि म्हणून तिथे महशीर मोठे झालेले दिसतात. तुमच्याकडे गावऱ्हाटी (देवळाच्या मानकऱ्यांची जुनी गावव्यवस्था) अजून चालते. मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घालून तो कोपरा देवाचा ठरवला तर ग्रामपंचायतीच्या फलकापेक्षा लोक त्याला जास्त मानतील, असा माझा विश्वास आहे.

*आम्ही कणकवली तालुक्यातले. मिरग लागला की चढणीचे मासे पकडायचे ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. आता काही जण म्हणतात हे बंद करा. तुमचं मत काय?*

हा प्रश्न मला जड जातो. चढणीच्या रात्रीच्या आठवणी माझ्याही आहेत. कंदील, इरलं, मळ्याच्या मोरीतून उड्या घेत वर येणारे खवळे आणि शेंगट्या, वडिलांचा दबका आवाज. दुसऱ्या दिवशीच्या तिरफळ घातलेल्या सारासाठी आम्ही वर्षभर थांबायचो.

पण मासे चढतात कशाला? अंडी घालायला. नदी-ओढ्यातून उथळ, नव्या पाण्याच्या मळ्यांत येतात, तिथे पिल्लांना खाणं असतं आणि मोठे शत्रू नसतात. चुलीपुढे साफ करताना जे पोट अंड्यांनी भरलेलं निघायचं, ती पुढच्या वर्षीची चढण असायची. पूर्वी गावात चार खोयनी (बांबूचे सापळे) लागायच्या आणि मासे वाट काढून वर जायचे. आता मोरीच्या तोंडावर तंगुसाचं (नायलॉनच्या दोऱ्याचं) जाळं पसरतात, त्यातून बोटाएवढा मासाही सुटत नाही. जोडीला ओढ्यांवर सिमेंटचे बंधारे आले, शेतात तणनाशक आलं. एकट्या चढणीच्या मासेमारीने हे झालं असं मी म्हणणार नाही. पण आपल्या हातात असलेली गोष्ट तेवढीच आहे.

समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद ठेवतो आपण, आणि त्याचं कारण मालवणच्या लहान मुलालाही माहीत आहे. ओढ्याला तोच न्याय लावा. माझं म्हणणं इतकंच की चढणीचे पहिले चार-पाच दिवस जाळं, खोयन काहीही लावू नका. मासे वर जाऊ द्या, अंडी घालू द्या. पुढे पाणी उतरताना जे मोठे मासे परततात त्यातले खायला घ्या. रीत मोडत नाही, फक्त दिवस बदलतो. आणि ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारणारा कोणी दिसला तर तो आपल्या नात्यातला असला तरी त्याला थांबवा.

*लांज्याहून लिहितो. आमच्या तळ्यात पावसाच्या तोंडाला लाल-केशरी पिल्लांचा गोळा पाण्यावर फिरताना दिसतो. त्याच्याखाली मोठी मरळ असते. तिथे गळ टाकला की ती हमखास घेते. मित्र म्हणतो हा योग्य मोका आहे.*

नाही. कृपा करून नको. ती भुकेने गळ घेत नाही, पिल्लांजवळ आलेल्या वस्तूवर धावून जाते. मरळीचे नर-मादी मिळून घरटं आणि पिल्लं राखतात, आणि पिल्लं आपली आपण होईपर्यंत त्यांच्याखाली फिरतात. तुम्ही ती मरळ काढलीत की थोड्याच वेळात चिलापी आणि शेंगट्या तो केशरी गोळा संपवतात. एका माशाबरोबर काही शेकडा मरळी गेल्या.

वरच्या पत्रातलं चिलापीचं दुखणं तुमच्या तळ्यात नसेल तर ते बहुधा या मरळीमुळेच. ती चिलापीची पिल्लं खाते, तळ्याचा तोल तीच राखते. गरवायची तर पावसाळा संपल्यावर गरवा. थंडीत ती गळ घ्यायला वेळ लावते, पण तेव्हा पकडलेल्या मरळीमागे कोणी पोरकं होत नाही.

*दापोली तालुक्यातून. गेल्या मे महिन्यात पहिला मोठा वळीव पडला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तळ्यात मोठे मासे उलटे तरंगताना दिसले, मरळी मात्र जिवंत होत्या. कोणीतरी विष टाकलं म्हणून गावात भांडण झालं, दोन घरांचं बोलणं अजून बंद आहे. खरं कसं ओळखावं?*

बहुधा विष नव्हतं. तुम्ही पत्रात लिहिलेल्या तीन गोष्टींवरून मी हे म्हणते. मेले ते मोठे मासे, मेले पहाटे, आणि मरळी मात्र जिवंत होत्या.

पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात. मेमध्ये तळं आटलेलं, गरम, तळाशी गाळ आणि कुजलेला पाला. त्यावर वळवाचं थंड पाणी जोरात पडलं की वरचं पाणी खाली जातं आणि तळाचं, प्राणवायू नसलेलं पाणी वर येतं. धुपून आलेली माती-घाण त्यात भर घालते. रात्रभर वनस्पतीही प्राणवायूच घेतात, त्यामुळे पहाट ही सगळ्यांत वाईट वेळ. मोठ्या माशाला जास्त प्राणवायू लागतो, म्हणून तो आधी जातो. मरळ वर येऊन हवेतला श्वास घेते, म्हणून वाचते. विष असतं तर लहान-मोठं बघत नाही. मरळी, बेडकाची पिल्लं, पाणकिडे सगळे मेले असते, आणि वेळही पहाटेचीच असायचं कारण नव्हतं.

यंदा एप्रिलपासून सकाळी सहाला कोणीतरी तळ्यावर चक्कर मारा. मासे पाण्याच्या पृष्ठावर तोंड काढून आ वासताना दिसले तर शेतीचा पंप लावून तळ्याचंच पाणी उंचावरून तळ्यात फवारा, ऊन वर येईपर्यंत. पाला, निर्माल्य आणि जलपर्णी आधीच काढून ठेवा. आणि हे उत्तर त्या दोन्ही घरांना वाचून दाखवा, एवढी माझी विनंती आहे.

*डासांसाठी आम्ही गप्पी मासे आणलेत. तळ्यात सोडू का? (वेंगुर्ले)*

विहिरीत, हौदात, टाकीत सोडा. तळ्यात नको. ते परके मासे आहेत, झपाट्याने वाढतात आणि दुसऱ्या माशांची नुकतीच फुटलेली पिल्लं खातात. आपल्या पाटांत आणि मळ्यांत डोक्यावर चांदीचा ठिपका असलेला बारीक मासा पाण्याच्या अगदी वर पोहताना दिसतो. तो डासांच्या अळ्या खातो आणि तो इथलाच आहे. तळ्यात तो पुरेसा असतो.

*मी देवगडला सातवीत आहे. मला आजोबांनी गळ दिला आहे पण मासा लागत नाही. रोहू कशाला लागतो? गरी माशाने गिळली तर काय करायचं?*

बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. रोहूसाठी कणीक आणि शेंगदाण्याची पेंड समान घे, थोडं पाणी घालून घट्ट मळ, हरभऱ्याएवढी गोळी कर. गरीचं टोक अगदी झाकू नकोस. त्याच पेंडीचा चुरा आधी अर्धा तास त्या जागी टाकून ठेव, म्हणजे मासे तिथे येतील. शेंगटीला आणि चिलापीला गांडूळ पुरतं. शेंगटी काढताना जपून, तिच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना काटे असतात, ते बोटात गेले तर फार ठणकतं. तुझा गळ बहुतेक मोठा आहे. लहान माशाचं तोंड लहान असतं, तेव्हा आजोबांना बारीक गरी मागून घे. त्यांच्याशिवाय तळ्यावर जायचं नाही.

गरीचा उलटा काटा पकडीने दाबून टाक, म्हणजे ती सहज निघते. माशाने ती खोल गिळली असेल आणि मासा सोडायचा असेल तर ओढू नकोस. तंगूस तोंडाजवळ काप आणि मासा सोडून दे. ओढलीस तर आतून फाटतो. हात आधी पाण्यात ओले कर, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला रोग होतो.

पहिला मासा लागला की त्याची लांबी, तारीख आणि जागा वहीत लिही, आणि मला कळव.